मॅच बघायला येणाऱ्यांसाठी चॉकलेटमध्ये बुडवलेली फळं: मे महिन्यात कोकणात जमेल का?

झावळी:
यंदाच्या आयपीएलचा शेवटचा सामना आमच्या खळ्यात पडदा लावून प्रोजेक्टरवर बघायचं ठरलंय. मे महिन्याला मुंबईहून आलेली मंडळी, शेजारपाजार आणि वाडीतली पोरं मिळून तीसेक माणसं होतील. जेवणाचा प्रश्न नाही, कोंबडीवडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ ठरली आहे. प्रश्न गोडाचा आहे. माझ्या भाचीने मोबाइलवर कुठेतरी चॉकलेटमध्ये बुडवून, वर पांढऱ्या रेघा काढून बॉल केलेल्या स्ट्रॉबेऱ्या बघितल्या आणि आता तिला तेच हवंय.

आम्ही मालवणपासून आतल्या बाजूला. मेअखेर इथे स्ट्रॉबेरी कुठून आणू? महाबळेश्वरचा हंगाम केव्हाच आटोपलेला असतो. फ्रोजन मिळते, पण ती सुटली की नुसता लगदा. तर विचारायचं असं की इकडची कुठली फळं चॉकलेट धरतील? या दमट हवेत ते टिकेल, की ताटातच वाहून जाईल? आणि ती शिवण काढायची कशी? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. "गुलाबजाम करा" म्हणणाऱ्यांना आगाऊ नमस्कार.

फुलटॉस:
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

पाटपाणी:
गुलाबजाम करा.

पाटपाणी:
राहवलं नाही, हलकं घ्या. पण खरंच, पाच-सहा वडे हाणलेला माणूस चॉकलेटकडे ढुंकून बघेल का? त्याला सोलकढीचा पेला द्या आणि पडद्यासमोर बसवा.

समुद्रफेणी:
पोरं बघतील की हो काका. पोरांना वडे नको असतात.

बेकरीवाली:
झावळी, मी रत्नागिरीत घरून केक-चॉकलेटच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे मे महिन्यातल्या चॉकलेटचे नखरे रोजचे आहेत. जमेल, पण आधी फळ नाही, चॉकलेट ठरवा.

दुकानात दोन प्रकार मिळतात. एकात खरं कोको बटर असतं. ते साधारण ३४ अंशांला पूर्ण वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडायला लागतं. शिवाय ते नुसतं वितळवून चालत नाही, टेंपरिंग करावं लागतं. डार्क असेल तर ४५ अंशांच्या आसपास वितळवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं, परत ३१-३२ वर आणून वापरायचं. तेव्हा कुठे ते चकचकीत आणि कडक बसतं. तुमच्या स्वयंपाकघरातच मे महिन्यात ३२ असतं, ते २७ वर उतरणार कधी? एसीची खोली असेल तरच त्या वाटेला जा.

दुसरा प्रकार कंपाऊंड. त्यात कोको बटरऐवजी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल असतं. मोर्डे कंपनीची वगैरे लादी मिळते, पाकिटावर कंपाऊंड असं लिहिलेलं असतं. चवीला खऱ्याच्या खालची, हे मान्य. पण टेंपरिंग लागत नाही, आणि उघड्या खळ्यात तासभर तग धरेल. तुमच्या कामाला तेच घ्या.

आता पाणी. वितळलेल्या चॉकलेटमध्ये दोन थेंब पाणी गेलं तरी त्यातली साखर ओलसर होऊन कण एकमेकांना धरतात आणि सगळा घाणा पिठल्यासारखा घट्ट बसतो. म्हणून भांडं कोरडं, चमचा कोरडा, फळ कोरडं. पाण्यावर भांडं ठेवून वितळवणार असाल तर वरचं भांडं खालच्यापेक्षा मोठं घ्या, म्हणजे वाफ आत शिरणार नाही. मायक्रोवेव्ह असेल तर वीस-वीस सेकंद चालवून मध्ये ढवळायचं. पांढरं तर फार सांभाळून, ते लवकर करपतं.

आणि म्हणूनच अननस, कलिंगड, जाम ही रसाळ मंडळी बाद. कापली की पाझरतात, वरचा थर सुटून येतो.

गजालीवालो:
माका एक सांगा, आंबो खावचो असता की रंगवचो? त्या देवगड हापुसान तुमचा काय वाकडा केल्यान? चॉकलेटात बुडवक तुमका दुसरा काय गावला नाय?

झावळी:
गजालीवाले, हापूसचं नाव मी काढलंच नव्हतं हो! :)

गजालीवालो:
काढतलास म्हणान आदीच सांगून ठेयलंय.

निवांत:
+१. हापूसला चॉकलेट लावणाऱ्यावर धार्मिक भावना दुखावल्याचं कलम (पूर्वीचं २९५ अ) लावता येईल का, वकील मंडळींनी प्रकाश टाकावा.

सातासमुद्र:
न्यू जर्सीहून. भाचीने बघितलं ते बहुतेक आमच्या इकडचं. फेब्रुवारीत सुपर बोल असतो, अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना. तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही मोठा त्याच्या घरी सगळे जमतात आणि ताटात ह्या स्ट्रॉबेऱ्या असतातच. त्यांचा बॉल गोल नाही, दोन्हीकडे निमुळता, तपकिरी कातड्याचा आणि एका बाजूला पांढऱ्या नाड्या. स्ट्रॉबेरी तपकिरी चॉकलेटमध्ये बुडवली की आकार आयताच मिळतो. वर पांढऱ्याने एक उभी रेघ आणि तिच्यावर चार आडव्या, झाला बॉल. फ्लोरिडाची स्ट्रॉबेरी तेव्हा भरात असते आणि बाहेर बर्फ, त्यामुळे वितळण्याची भीतीच नाही. थोडक्यात, तिथलं फळ, तिथला मोसम, तिथला बॉल. तुम्हाला तिन्ही बदलायला हवेत.

फुलटॉस:
आलो. सातासमुद्र यांच्याशी सहमत, आणि मुद्दा बॉलचाच आहे. झावळीताई, तुम्ही लाल बॉल करणार असाल तर आधीच सांगतो, टी-ट्वेंटी पांढऱ्या बॉलने खेळतात. लाल बॉल कसोटीचा. आयपीएलच्या रात्री लाल बॉल वाढलात तर जाणकार माणूस तोंडात घालायच्या आधी हरकत घेईल.

समुद्रफेणी:
जाणकार माणूस उपाशी राहील. बाकीच्यांना जास्त मिळतील.

फुलटॉस:
:) पण पांढऱ्यात सोयही आहे. पांढरं कंपाऊंड तसंच वापरायचं, रंग घालायची भानगड नाही. शिवण तपकिरी चॉकलेटने. खऱ्या बॉलवर टाक्यांच्या सहा रांगा असतात, तुम्ही दोन काढल्यात तरी भागेल. गुलाबी करायचा मोह झाला तर तोही इतिहासाला धरून आहे. भारतातली पहिली गुलाबी बॉलची कसोटी २०१९ मध्ये ईडन गार्डन्सवर बांगलादेशविरुद्ध झाली.

वाडीवरचा:
पांढरा नको, लाल नको, गुलाबी तर नकोच. कोकणात क्रिकेट कशाने खेळतात? टेनिस बॉलने! दिवाळी झाली की पाऊस लागेपर्यंत दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या वाडीत प्रकाशझोतातल्या स्पर्धा. षटकं मोजकी, बक्षिसाला चषक आणि कधी बोकड. वाडीतल्या पोरांना पोपटी-पिवळा बॉल दिसला पाहिजे. काढायलाही सोपा. टाके नाहीत, एक वळणदार पांढरी रेघ इकडून, एक तिकडून.

फुलटॉस:
वाडीवरच्या भाऊंनी यॉर्कर टाकला. मी त्रिफळाचीत.

बेकरीवाली:
पिवळा चालेल, पण रंग बघून घ्या. खायचे साधे पातळ रंग पाण्यातले असतात, ते घातले की चॉकलेट फुटलंच म्हणून समजा. जेलचे रंगही बहुतेक तसेच. चॉकलेटसाठी तेलात मिसळणारे वेगळे रंग किंवा पावडर मिळते. मालवणात न मिळाल्यास कुडाळला केकच्या सामानाच्या दुकानात विचारा.

अमसूल:
हळद घाला ना! हळदीचा रंग तेलात उतरतो, फोडणीत बघतोच आपण. पांढऱ्या चॉकलेटला चिमूटभर कोरडी हळद पुरते.

समुद्रफेणी:
चॉकलेट की लेप?

अमसूल:
चिमूटभर म्हटलंय, मूठभर नाही. दुधात घालून पितोच की. वर वेलची लावा, कळणारही नाही.

झावळी:
टेनिस बॉल ठरला! भाचीलाही पटलं. पण अजून फळाचं उत्तर नाही. चिकू कसा? गोल तर आहे.

बेकरीवाली:
सोललेला चिकू बुळबुळीत होतो, चॉकलेट घसरतं. सालासकट बुडवला तर मोठ्यांना आवडत नाही. करवंदं पुसून घेतली तर चॉकलेट छान धरतात, पण चीक आणि बिया. द्राक्षं उत्तम, पण त्यांचाही हंगाम संपत आलेला. केळी चालतात, फक्त वेगळ्या पद्धतीने. वेलची केळं अर्धं कापून, हीर (खराट्याची काडी) खोचून फ्रीजरला रात्रभर दगड करायचं. मग उंच पेल्यात चॉकलेट घेऊन त्यात बुडवून वर काढायचं. थंडगार केळ्यावर चॉकलेट मिनिटभरात बसतं. चपटी रेघ काढली की बॅट. पण हे फ्रीजरमधून थेट हातात. ताटात मांडून ठेवायचं नाही.

रातांबा:
सगळे ओल्या फळांच्या मागे का लागलात? आपल्याकडे सुकवलेली फळं आहेत ना घरोघरी! आंबापोळी, फणसपोळी, वसईकडची सुकेळी. पाणी उन्हाने आधीच काढून ठेवलंय, चॉकलेटला दुसरं काय हवं?

मी सांगतो बॉल कसा करायचा. आंबापोळीचे दोन बोटं रुंदीचे तुकडे कापा. हाताला तुपाचा ओझरता हात लावा. भाजलेला अख्खा काजू मधे ठेवून पोळी त्याच्याभोवती लपेटा आणि तळहातावर वळून गोल करा. चिकट वाटलं तर दूध पावडरीत घोळवा, जास्तीची झटका. तासभर पंख्याखाली ठेवले की वरून कोरडे होतात. मग हीर खोचून पिवळ्या चॉकलेटात एक डुबकी. जास्तीचं चॉकलेट भांड्याच्या कडेवर हीर टकटक करून पाडायचं, नाहीतर खाली पाय फुटतो.

आणि हापूसचा प्रश्नही मिटला. पोळी बहुतेक रायवळची असते, गजालीवाल्यांची हरकत नसावी.

गजालीवालो:
रायवळाक चॉकलेट चलात. रायवळ कोणाक नाय म्हणना नाय.

बेकरीवाली:
रातांबा, झकास! हे मी ऑर्डरीला चोरणार. आत काजू असल्यामुळे हीर घट्ट बसेल हेही आहे. फक्त काजूला आधी टोकाने भोक पाडून घ्या, नाहीतर दुभंगतो.

समुद्रफेणी:
हीर कशात खोवून वाळवायचे? थर्माकोल आणू नका. केळीचा खांब आडवा ठेवा आणि त्यात खोवा. पूजा झाल्यावर टाकूनच देतो आपण. फक्त हीर नव्या खराट्याचे काढून, धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून घ्या.

निवांत:
जुन्या खराट्याचे घेतले तर खेळपट्टीची माती बोनस.

सातासमुद्र:
आंबापोळीच्या पट्ट्या लांब गुंडाळून तपकिरी चॉकलेटात बुडवल्या तर स्टंप होतील. वर बेल्सना काजूची पाकळी.

मीठमिरी:
शिवणीसाठी पायपिंग बॅग विकत आणू नका. मेंदीचा कोन करतो तसा बटर पेपरचा कोन करा, दोन चमचे चॉकलेट भरा आणि टोक सुईएवढंच कापा. मोठं कापलं की रेघेची गटारं होतात. मेंदी काढणारी मुलगी घरात असेल तर तिला बसवा, तिचा हात स्थिर असतो. बॉल आधी पूर्ण बसू द्या, मग रेघ काढा.

चॉकलेट जाड वाटलं तर चमचाभर खोबरेल घाला, पातळ होतं आणि चमकतंही.

बेकरीवाली:
मीठमिरी, कोनाला शंभर टक्के अनुमोदन, खोबरेलाला नाही. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या वर पातळच असतं. डिसेंबरात ठीक. मे महिन्यात तुम्ही चॉकलेटचा थर मुद्दाम मऊ करताय. पाव किलोला अर्धा चमचा, त्यापुढे नाही.

मीठमिरी:
आम्ही वर्षानुवर्षं घालतो आणि कुणी तक्रार केलेली नाही.

बेकरीवाली:
तुम्ही फ्रीजमधून काढून लगेच खाता ना?

मीठमिरी:
... हो.

रातांबा:
अवांतर, पण नावाला जागायला हवं. उष्णतेला टिकणारं तेल हवं असेल तर ते आपल्याच परसात आहे, कोकमाच्या बियांचं. मुठेल. कोको बटरपेक्षा जरा जास्त उष्णतेला वितळतं, म्हणून हातात घेतलं तर ढेकूळ लगेच विरघळत नाही. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमात चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय सहाच वनस्पतिजन्य मेदांना परवानगी आहे, तीही ५ टक्क्यांपर्यंत. त्या सहात कोकम आहे आणि आंब्याच्या कोयीतलं तेलही आहे. आपण एकाने टाचांच्या भेगा भरतो आणि दुसरं उकिरड्यावर फेकतो.

आमची आजी काढायची ते आठवतं. रातांब्याच्या बिया उन्हात वाळवून फोडायच्या, आतला गर कुटून पाण्यात रटरटवायचा. वर तवंग आला की तो वाटीने काढून थंड पाण्यात, आणि निवत आला की मुठीत दाबून गोळे. गोळ्यावर बोटांचे ठसे तसेच राहायचे.

अमसूल:
रातांबा, सुंदर. पण ते टाचेचं मुठेल कुणी चॉकलेटात घालू नका रे! घरगुती कच्च्या मुठेलाला वास असतो. खायचं म्हणून शुद्ध केलेलं मिळालं तरच.

पाटपाणी:
धागा चॉकलेटवरून टाचांवर आला. कोकण.

गजालीवालो:
लायट गेली तर काय करतलास?

झावळी:
तोंडात साखर पडो... म्हणजे पडू नये. मेअखेर वळवाचा पाऊस आणि वारा आला की आमच्याकडे लाईट जातेच. प्रोजेक्टरला इन्व्हर्टर आहे, फ्रीजला नाही.

समुद्रफेणी:
म्हणून केळ्याच्या बॅटी रद्द करा. फ्रीजर बंद पडला की सगळ्या आउट. आंबापोळीचे बॉल फ्रीजशिवाय राहतात हाच त्यांचा फायदा.

आणखी एक, पहिला पाऊस पडून गेला असेल तर दिव्यापाशी वाळवीची पाखरं येतील. प्रोजेक्टरचा उजेड म्हणजे त्यांना आमंत्रणच. गोडाचं ताट पडद्यापासून लांब, अंधाऱ्या बाजूला आणि झाकून. पंख चिकटलेला टेनिस बॉल कोणी खाणार नाही.

वाडीवरचा:
पोरं खातात.

बेकरीवाली:
फ्रीजचं निघालंच आहे म्हणून. बॉल बसवायला फ्रीजमध्ये ठेवायचेच झाले तर दहा मिनिटं, जास्त नाही. खूप गार झालेलं चॉकलेट आपल्या हवेत बाहेर आणलं की अंगावर घाम धरतं. वरची साखर त्या पाण्यात विरघळते, बोटांना चिकटते आणि वाळली की पांढरे डाग. रात्रभर ठेवायचेच असतील तर घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि बाहेर काढल्यावर डबा अर्धा तास उघडायचा नाही. घाम डब्याला येऊ द्या.

आणि मुख्य म्हणजे त्या फ्रीजमध्ये मासे आहेत का?

झावळी:
कोकणातल्या फ्रीजमध्ये दुसरं काय असणार? खालच्या कप्प्यात मुरवलेली सुरमई आहे, दारात सुकट.

बेकरीवाली:
मग डब्यात डबा. चॉकलेटमधला मेद वास पटकन ओढून घेतो. आमच्याकडे एका गिऱ्हाईकाने बॉक्स घरी नेऊन उघडाच ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी फोन, तुमच्या चॉकलेटला बांगड्याचा वास येतोय.

निवांत:
मालवणात हे खपेल. "सुरमई फ्लेवर."

पाटपाणी:
मी घेईन.

फुलटॉस:
वाढायची वेळ ठरवा. टाइम-आउटला आणू नका, अडीच मिनिटांत तीस माणसांना पुरत नाही. डाव संपल्यावर मधली वीस मिनिटं मिळतात, तेव्हा ताट फिरवा. पाठलाग सुरू झाला की कोणाचं ताटाकडे लक्ष नसतं.

झावळी:
सगळ्यांचे आभार. ठरलेलं असं: आंबापोळी-काजूचे टेनिस बॉल, पांढऱ्या कंपाऊंडवर हळदीचा हात (अर्धे तसे, अर्धे पावडर रंगाचे, भाचीने हळदीवर अविश्वास दाखवलाय). फणसपोळीचे स्टंप तपकिरी. खोबरेल नाही. मीठमिरीताई रागावू नका. फोटो टाकते.

मीठमिरी:
रागावले नाही. डिसेंबरात या.

झावळी:
मॅचनंतरचा अहवाल. फोटो चढत नाहीयेत, रेंज नाही.

बॉल आदल्या दिवशी दुपारी केले. शिवण भाचीने काढली, मेंदीच्या कोनानेच. हळदीचे आणि रंगाचे शेजारी ठेवले तर हळदीचे जास्त टेनिस बॉलसारखे दिसतात, रंगाचे लिंबासारखे. वेलचीमुळे हळद कोणाला ओळखू आली नाही, फक्त माझ्या सासूबाईंनी एक घास घेऊन "काय घातलंस गो ह्यात?" विचारलं आणि दुसरा उचलला. स्टंप मात्र वाकले. फणसपोळी जाड असली तरी उभी राहत नाही, शेवटी आडवेच ठेवले. पोरांनी "बोल्ड झाला" म्हणून तेच आधी संपवले.

सोय एकच कमी पडली. मधल्या विश्रांतीपर्यंत ताट झाकून ठेवलं होतं, पण वाडीतल्या पोरांना जागा कळली होती. डाव संपला तेव्हा ताटात नुसते हीर.

वाडीवरचा:
सांगितलं होतं.

पाटपाणी:
आणि मोठ्यांना काय मिळालं?

झावळी:
सोलकढी, काका.

पाटपाणी:
:) समाधान पावलो.

रातांबा:
पाव किलोभर कंपाऊंड उरलं असेल तर तळलेले फणसाचे गरे अर्धे बुडवून बघा. खारट गरा, गोड चॉकलेट. पावसाळ्यात हवाबंद डब्यात राहतात, गरे मऊ पडायच्या आत संपवा.

बेकरीवाली:
हेही चोरते. रातांबा, तुम्ही स्वतःचं दुकान का काढत नाही?

रातांबा:
कोण बसणार दुकानात? मॅच असतात.